सैल पट्टी

उत्सवासाठी उभारलेल्या बांबूच्या नाट्यमंडपात, तिनहाऊ देवीच्या समोर, शाळेतील विद्यार्थ्यांचे कँटोनी संगीतनाटकांतील प्रवेश चालले होते. पडद्यामागे वुनसी सेनापतिणीच्या वेशात आरशापुढे बसली होती. शाळा संपताच नाटकमंडळीत जाण्याचा हट्ट तिने धरला होता. तथापि एकेकाळी स्वतः नट असलेल्या तिच्या बाबांनी सहा महिने झाले तरी त्यावर होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता.

भुवया-डोळे वर ताणून धरणारी मुकुटाखालची कापडी पट्टी तिच्या कपाळावर दरवर्षी बाबाच बांधीत, आणि तीही इतक्या हळुवार हाताने, की तलवारीच्या फेऱ्यांमध्ये मुकुट घसरे, पापण्या खाली उतरत आणि मैत्रिणी खिदळत, "सेनापतीणबाईंना डुलकी लागली गं!"

आज मात्र बाबांनी पट्टी पाण्यात भिजवली आणि करकचून आवळली. वुनसीच्या भुवया वर ताणल्या गेल्या, कानशिले ठणकू लागली, डोळ्यांत पाणी तरारले.

"बाबा, दुखतंय हो!"

"दुखणारच. रडू नकोस, रंग ओघळेल."

"दरवर्षी तर सैल बांधायचात!"

"दरवर्षी शाळेतल्या पोरीला बांधत होतो," बाबा गाठ मारता मारता म्हणाले. "असा घसरता मुकुट घेऊन गेलीस, तर मंडळीत उभी कोण करील तुला?"

वुनसी क्षणभर आरशातील त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिने मान ताठ केली.

"बाबा, अजून थोडी आवळा."