शेणकाला

सुईचं नाव काढलं की मथुराबाई गोठ्यात जाऊन बसायच्या. आज त्यांची नर्स सून राजश्री लस घेऊन गोठ्यातच आली. गावामागच्या कातळ-सड्यावरून चरून आलेल्या गाईच्या शेपटीतली काटेरी बोंडं मथुराबाई सोडवत होत्या. "आई, करोनाचा विषाणूही असाच. अंगभर या बोंडांसारखे आकडे, पण नेमकी जागा सापडली तरच पेशीला धरतो." मथुराबाईंनी निरखून पाहिलं. शेपटी बोंडांनी भरलेली, शिंगांवर एकही नाही! "मग गो, तुझी सुई काय करते?" "ती शरीराला आकडे ओळखायला शिकवते. मग शरीरच ते लिंपून टाकतं." "लिंपून?" त्यांनी एक बोंड सारवणासाठी कालवून ठेवलेल्या शेणकाल्यात घोळवून शेपटीवर दाबलं. ते घसरलं. दुसरं घोळवून स्वतःच्या पदरावर दाबलं. तेही पडलं. मथुराबाईंनी हात धुतले, बाही सरकवली, दंड पुढे केला. "टोच गो. माझ्या अंगालाही शेणकाला कालवायला शिकव."