पाणी न शोधता

डॉक्टरबाईंनी चार बोटं वर धरली होती.

“दोन,” ती म्हणाली. उजवा डोळा तळहाताने झाकलेला, पाठ ताठ, हनुवटी किंचित वर. दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहते त्याच ऐटीत ती तपासणीच्या खुर्चीत बसली होती.

“आता?”

“तीन. नाही, दोनच.”

डॉक्टरबाईंचा हात केव्हाच खाली आला होता.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी खिशातला रुमाल काढला. तेच तिचे प्रशिक्षक. वाचताना ओळी वाकड्या दिसतात, एवढंच ती सकाळी म्हणाली होती. चष्म्याचा नंबर काढून तासाभरात सरावाला जाऊ, या हिशेबाने ते शिट्टी गळ्यातच ठेवून आले होते.

“डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तरुण डोळ्यात कधीकधी तो असा हळूहळू सुटत जातो. आता मधला भागही सुटलाय. तुम्ही करता काय?”

“पाण्यात उड्या मारते.”

“विजेती आहे,” वडील म्हणाले. “दहा मीटर.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. दहा मीटरवरून पडणारा देह ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने पाण्यावर आदळतो. त्या देहाने पदक मिळवलं आहे की नाही, याची पाण्याला कल्पना नसते. आधी हात लागतात, मग डोकं, आणि डोक्याबरोबर डोळे.

“तीन आठवड्यांनी निवड चाचणी आहे,” वडील म्हणाले. “तोवर कसंबसं...”

“उद्या शस्त्रक्रिया. त्यानंतर काही दिवस मी यांना चपलेचा पट्टा लावायला वाकूही देणार नाही. उडीचं काय घेऊन बसलात?”

“म्हणजे हा मोसम गेला.”

“मोसम नाही, उड्या गेल्या. उजव्या पडद्यातही दोन जागा विरळ झाल्यात. तिथे आत्ताच लेझर करून घेऊ. तो डोळा तरी राहू दे.”

तरणतलावाच्या बंदिस्त छताखाली आवाज घुमतो, बोललेलं कळत नाही. म्हणून वडील काठावरून बोटांनी चूक दाखवत. एक म्हणजे पाय, दोन म्हणजे हात, तीन म्हणजे गिरकीत गुंडाळलेलं अंग लवकर उघडलंस. तिने पाण्यातून डोकं वर काढताच ती बोटं वाचायची, मान हलवायची आणि पुन्हा जिना चढायचा. उजव्या डोळ्याने तिला लांबचं पहिल्यापासूनच पुसट दिसे, पाण्यात सगळी भिस्त डाव्यावर. गेले काही महिने ती मान हलवत होती आणि वर जाऊन तीच चूक करत होती. वडिलांचं निरीक्षण बिनचूक होतं. निष्कर्ष तेवढा चुकला. त्यांनी त्याला हट्ट म्हटलं, आणि प्रत्येक हट्टासाठी तिला आणखी एकदा वर पाठवलं.

लेझर झाल्यावर परिचारिकेने तिला हाताला धरून बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. “थोडा वेळ याही डोळ्यापुढे अंधारी राहील. घाबरायचं नाही, जाते ती,” असं सांगून ती आत गेली. वडील समोरच्या बाकावर बसले.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“विजेतेपदाच्या आधीपासून. तेव्हा वरच्या कोपऱ्यात नुसती सावली होती.”

“मग ती शेवटची उडी?”

“गिरकी संपली, पाणी यायला हवं तिथे काळं आलं. मग मनातल्या मनात मोजलं आणि अंग उघडलं.”

पाणी शोधू नकोस, मान वळते, रेष मोडते, हे वडिलांनी तिला वर्षानुवर्षं बजावलं होतं. त्या उडीत तिची मान तसूभरही वळली नव्हती. पाण्यावर जेमतेम बुडबुडे उठले होते. त्या उडीचं चित्रण ते नव्या मुलांना संथ गतीने दाखवत, नेमकं मानेपाशी थांबवत आणि म्हणत, विश्वास म्हणतात तो हा.

“मला सांगायचं नाही?”

“कधी सांगणार? रोज संध्याकाळी तुम्ही आईला सांगत होतात, पोरीच्या डोक्यात हवा गेलीय म्हणून. स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं माझ्या खोलीत.” ती हसली. “म्हटलं, हवा तर हवा.”

“अगं, पण डोळा होता. मी एक उडी मारू दिली नसती तुला.”

“दिली असतीत, बाबा.”

“वेडी आहेस का?”

“मघाशी आत काय विचारत होतात?”

लांब कुठेतरी एक दार लागलं. वडिलांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली, आणि खिशावर हात तसाच ठेवला.

“त्या उडीनंतर लगेच सांगणार होते,” ती म्हणाली. तिचा आवाज आता मवाळ झाला होता. “वर आले, काठ धरला, तोंडसुद्धा उघडलं. तर तुम्ही रडत होतात. सगळ्यांसमोर. ते मात्र मला अगदी स्पष्ट दिसलं.”

ती त्यांच्याकडे तोंड करून बोलत होती, पण तिचा अंदाज हातभर चुकला होता. ती त्यांच्या बाकाच्या रिकाम्या टोकाकडे बघत होती.

वडील आवाज न करता सरकले आणि तिथे जाऊन बसले.