मिल्ट्रीची ट्रंक

शेजारचा पांडू खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. गोदूबाईनं हातातली भाताची पेंढी आणखी दोनदा झोडली आणि वर पाहिलं.

"काय रे?"

"काल महाडात पोष्टमास्तरांनी हाक मारली," पांडू जमिनीकडे बघत म्हणाला. "कापडे गावच्या गोदूबाईला सांग म्हणाले, पुण्यावरनं मिल्ट्रीची ट्रंक हाय. आज चार वाजता. तिनं सोताच यायला पायजे."

एवढं बोलून तो निघूनही गेला.

गोदूबाई पेंढ्यांवर बसली. मिलिटरीची ट्रंक म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. मागच्या मोठ्या लढाईत तिचा नवरा कोंडाजी गेला, तेव्हा महाडला ट्रंकच आली होती. काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नंबर. आत घडी घातलेला डगला, वस्तरा आणि अर्धा झिजलेला साबण. मुलगा हैबती तेव्हा दोन वर्षांचा होता. आता तोही पलटणीत होता. यंदाची लढाई थांबून महिना झाला, तरी त्याचा कागद आला नव्हता.

सून रखमा पाणवठ्यावरून हंडा घेऊन आली. वैशाखात लग्न झालं, वीस दिवस नवरा घरी होता, मग रजा संपली. तिच्याकडे बघून गोदूबाईची जीभ उचलेना.

"महाडला जाऊन येते गो," ती म्हणाली. "मीठ संपलंय."

रखमानं हंडा उतरवला. "मी बी येते, आत्याबाय."

"तू कशाला? ऊन हाय."

"लगीन झाल्यापास्नं महाड बघितलं नाय मी."

गोदूबाई नको म्हणणार होती. मग तिच्या मनात आलं, उद्यापासून हिला उंबऱ्याबाहेर कोण पाठवणार? तिनं रखमाला पुढ्यात बसवलं, स्वतःच्या हातानं वेणी घातली, कपाळावरचं कुंकू नीट केलं. तिचं बोट त्या कपाळावर जरा जास्तच वेळ राहिलं.

पोलादपूरपर्यंत दोघी चालत गेल्या, पुढे एस.टी. मिळाली. गोदूबाईनं सुनेला खिडकीपाशी बसवलं. रखमा वाटभर बोलत होती. भात यंदा बरं आलंय, म्हैस गाभण आहे, सावित्री नदीचं पाणी अजून किती आहे बघा. एरवी मुकी वाटावी अशी पोर, आज तिचं तोंड थांबत नव्हतं. गोदूबाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती आणि आतल्या आत तुटत होती.

पोस्टाच्या दाराशी ती म्हणाली, "तू हितं पायरीवर बस. मी आलेच."

पण रखमा तिच्या पाठोपाठ आत आली.

"मी कापड्याची गोदूबाई. ट्रंक घ्यायला आलेय."

"बसा," पोस्टमास्तर म्हणाले. "लाईन मिळाली की देतो."

गोदूबाईनं खोलीचे कोपरे पाहिले. टपालाच्या थैल्या होत्या, दोनचार पार्सलं होती. पेटी कुठेच नव्हती.

"लय जड हाय का हो?"

"काय जड?"

"ट्रंक."

पोस्टमास्तर काही बोलणार, तेवढ्यात टेबलावरची घंटा वाजली. ते बराच वेळ मोठमोठ्यानं 'हॅलो, हॅलो' करत राहिले. मग त्यांनी तो काळा फोन गोदूबाईसमोर धरला. "घ्या. हाच ट्रंक."

तिनं हात पुढे केला नाही. तिचा चेहरा पाहून पोस्टमास्तरांना काहीतरी उमगलं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, पेटी नव्हे. लांबच्या गावाहून टेलिफोन येतो ना, त्यालाही ट्रंक म्हणतात. तुमचा मुलगा आहे. बोला त्याच्याशी."

त्यांनीच तो तिच्या कानाला लावला. खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला.

"आये? आये, मी हैबती."

गोदूबाईनं टेबलाची कड घट्ट धरली.

"उजव्या हाताला गोळी लागली गो. पुण्याला इस्पितळात हाय. आता बरा हाय मी. हात बांधलेला, म्हणून कागद लिवता आला नाय. दुसऱ्याच्या हातचा कागद बघून तू भियाली असतीस. म्हणून सायबाला सांगून ट्रंक लावला. आये, बोल की काय तरी."

"तूच बोल," गोदूबाई म्हणाली. "तू बोलत ऱ्हा."

थोड्या वेळानं तिनं फोन रखमाच्या हातात दिला. रखमाला नवऱ्याचं नाव घेता येईना, आणि सासूसमोर दुसरं काही सुचेना. ती तीनदा नुसतं 'हं' म्हणाली. तिसऱ्या वेळी तिला रडू फुटलं. मग वेळ संपली आणि फोन बंद झाला.

बाहेर येऊन दोघी पायरीवर बसल्या.

"मी तुझ्याशी खोटं बोलले गो," ती म्हणाली. "मीठ घरात हाय. ट्रंक म्हटल्यावर माझ्या मनात वाईट आलं. आजचा दिवस तरी तुझा सुखात जावा, म्हणून बोलले नाय."

रखमानं पदरानं सासूचे डोळे पुसले.

"मला ठावं हुतं, आत्याबाय. पांडूभावजी सकाळी आदी मलाच भेटले, पाणवठ्यावर. मीच म्हटलं, 'मला सांगितलंत हे आत्याबायना कळू देऊ नका. मामंजींची ट्रंक त्यांनी एकटीनं महाडातनं घरी नेली हुती. ह्या टायमाला मी संगं जाते.'"