निशाणावरचा पक्षी

नॉलनने बापाची ट्रंक गाडीत चढवली होती. दुपारच्या आत म्हाताऱ्याला होमा शहरात, आपल्या घरी न्यायचं त्याने ठरवलं होतं. डोळे गेलेल्या माणसाने समुद्राकाठी एकट्याने राहून करायचं काय?

म्हातारा ओव्हिद मात्र धक्क्याच्या टोकाला, कोळंबीच्या उपड्या खोक्यावर बसून होता. शेजारी नात, नॉलनची नऊ वर्षांची ओदिल. लुईझियाना राज्याच्या निशाणावर पेलिकन, सरकारी शिक्क्यावर पेलिकन, शाळेच्या भिंतीवर पेलिकन; आणि आकाशात गेली दहा वर्षं औषधालाही नाही. नदीतून आलेल्या विषाने सगळे संपले. आता सरकारने फ्लोरिडाहून पिल्लं आणून सोडलीत म्हणे. म्हणे! म्हाताऱ्याचा विश्वास नव्हता, तरी रोज सकाळी तो इथे येऊन कान देऊन बसायचा.

"आला की पहिलं तुम्हालाच सांगीन," ओदिल म्हणाली. "माझं लक्ष आहे."

तेवढ्यात समोरच्या पाण्यात धप्पकन आवाज झाला.

म्हातारा ताडकन उठला. "काय पडलं गं?"

"काही नाही हो. एक मातकट पक्षी आहे. ध्यान नुसतं! कालपासून इथंच घोटाळतोय. वर छान उडतो आणि मग धाडकन पाण्यात डोक्यावर आपटतो."

"चोचीखाली झोळी आहे?"

"आहे की. पाणी गळतंय तिच्यातून... आता मान वर करून काहीतरी गिळलं." ती थबकली. "पण आजोबा, आपला पेलिकन तर पांढराशुभ्र असतो!"

"निशाणावर गं, पोरी. निशाणावर."

चर्चमध्ये शिरताना काढतात तशी म्हाताऱ्याने टोपी काढली. "कालपासून आहे, आणि मला आज सांगतेस?"

ओदिलचं तोंड एवढंसं झालं. तिने पुन्हा पाहिलं. पक्षी उंच गेला, पंख आवळून त्याने खाली सूर मारला, आणि या वेळी तिचा श्वासच अडकला. रोज पाहिलेलं ते चित्र किती लहान होतं!

रस्त्यावरून नॉलनने भोंगा वाजवला. दोघांपैकी कुणीच वळलं नाही.

"आजोबा, निशाणावर तीन पिल्लं आहेत," ती हळूच म्हणाली. "खरीखुरी तीनच असतात?"

"ते तू पाहून मला सांगायचं." म्हातारा पुन्हा खोक्यावर टेकला. "जा, बापाला म्हणावं, ट्रंक उतरव."