अर्नेस्टाइनबाईंचे मत

"लेलँड इथे बसेल आणि क्लेटन त्याच्या समोर," असे अर्नेस्टाइनबाईंनी सांगितले, तेव्हा ताटे मांडणारा नोरीनचा हात थबकला.

"समोरासमोर? मिस अर्नेस्टाइन, मग टर्की कापायची सुरी मी आतच ठेवते."

"सुरी टेबलावरच राहील. माझी मुलं आहेत ती, रानडुकरं नव्हेत."

तिकडच्या रीतीप्रमाणे सासूला 'मिस' म्हणणाऱ्या या थोरल्या सुनेने वाद घातला नाही. त्या घरात तशी पद्धत नव्हती.

निवडणूक होऊन दोन आठवडे उलटले, तरी देशाचा अध्यक्ष कोण हे ठरत नव्हते. सगळे घोडे अडले होते ते फ्लोरिडात, म्हणजे त्यांच्याच राज्यात, आणि तेही काहीशे मतांवर. उमेदवार दोन, एका राज्याचे गव्हर्नर आणि देशाचे उपाध्यक्ष; लेलँड गव्हर्नरांच्या बाजूचा, धाकटा क्लेटन उपाध्यक्षांच्या. शेतीच्या अवजारांचे दुकान चालवणारा लेलँड म्हणे, नियम म्हणजे नियम. शाळेत इतिहास शिकवणारा क्लेटन म्हणे, माणूस आधी, नियम मागून. पेट्रोल पंपावर दोघांची अशी जुंपली की, थँक्सगिव्हिंगच्या सणाला याच्याबरोबर एका टेबलावर जेवणार नाही, असे दोघांनीही चारचौघांत जाहीर करून टाकले.

नवरा गेला त्या वर्षीसुद्धा अर्नेस्टाइनबाईंच्या थँक्सगिव्हिंगला मुलांची एकही खुर्ची रिकामी राहिली नव्हती. त्यांनी दोघांना एकेक फोन केला. आज दोघेही आले होते, आणि चक्क हसतमुखाने.

लेलँड का हसतो आहे, ते नोरीनला ठाऊक होते. फोन ठेवताच त्याने बायकोला सांगितले होते : आईने मला दिलेला शब्द पाळला, स्वतःच्या हाताने आपल्या माणसाला मत दिले, पण क्लेटनला कळू देऊ नकोस, बिचारा मोडून पडेल. आईनेच सांगितले म्हटल्यावर शंकेला जागा नव्हती. अखेरच्या दुखण्यात नवऱ्याने विचारले, तेव्हा डॉक्टरांचे म्हणणे त्याला जसेच्या तसे सांगणारी ती बाई.

थोड्या वेळाने क्रॅनबेरीच्या चटणीचे भांडे न्यायला आलेला क्लेटन स्वयंपाकघरात तिच्या कानाशी लागला.

"नोरीन, आज लेलँडला जरा सांभाळून घे. आईनं मत आमच्या माणसाला दिलंय. शब्द दिला होता मला. त्याला कळलं ना, तर पुन्हा या घराची पायरी चढायचा नाही तो."

मत एक आणि मुलगे दोन. नोरीनने क्रॅनबेरीवर झाकण ठेवले आणि जेवण निर्विघ्न पार पडावे म्हणून मनातल्या मनात प्रार्थना केली. टेबलावर सर्वांनी मिळून केली ती प्रार्थना वेगळी.

टर्की कापली गेली, मक्याच्या पावाचे सारण वाढून झाले, आणि अपेक्षेप्रमाणे विषय निघालाच. मतपत्रिकेच्या कार्डावर उमेदवाराच्या नावापुढे टोच्याने भोक पाडायचे, अशी त्यांच्या जिल्ह्यातली रीत. हजारो कार्डांवर अध्यक्षपदासाठी दोन-दोन भोके सापडली होती. क्लेटनचे म्हणणे, म्हातारी माणसे गोंधळली, त्यांच्या मनात काय होते ते पाहायला हवे. लेलँडचे म्हणणे, ज्याला एक भोक धड पाडता येत नाही, त्याने देशाचा अध्यक्ष निवडायला जाऊच नये.

"अशी दोन भोकांची मतं कुणाच्या पदरात पडतात?" अर्नेस्टाइनबाईंनी विचारले.

"कुणाच्याच नाही, आई," दोघे भाऊ एकदम म्हणाले. त्या दिवशी त्यांचे एकमत झाले ते एवढेच.

"बरं," म्हणून बाईंनी रश्श्याचे भांडे पुढे सरकवले.

पण लेलँडला आता राहवेना. त्याने काटा खाली ठेवला. "तत्त्वांच्या गोष्टी करतोस ना, क्लेट? मग आईलाच विचारू या, तिनं कुणाला मत दिलं."

नोरीनने नवऱ्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"विचार की," क्लेटन म्हणाला. तोही हसत होता.

अर्नेस्टाइनबाईंनी रुमालाने ओठ टिपले. "ज्याला शब्द दिला होता, त्याच्या माणसाला दिलं. आणि माझ्या टेबलावर मतमोजणी होत नसते. लेलँड, तुझ्या भावाला पाय वाढ टर्कीचा. त्याला तोच आवडतो."

लेलँडने टर्कीचा मोठ्यातला मोठा पाय निवडून भावाच्या ताटात वाढला. क्लेटनने आपली रताळी अर्धी त्याला दिली. हरलेल्या माणसाकडे पाहावे, तशा मायेने दोघे एकमेकांकडे पाहत होते.

जेवणानंतर दिवाणखान्यात फुटबॉलचा सामना लागला. दोघेही एकाच संघासाठी ओरडत होते. स्वयंपाकघरात नोरीनने दार लोटून घेतले.

"मिस अर्नेस्टाइन, रागावू नका. पण दोघांपैकी कुणाशी खोटं बोललात तुम्ही?"

"खोटं? मी?"

बाई रागावल्या नाहीत. कॉफीबरोबर गरम द्यायचा ॲपल पाय ओव्हनमध्ये जायचा होता आणि वाफेसाठी त्याच्या वरच्या पारीला भोके पाडायची राहिली होती. त्यांनी चष्मा सावरला आणि बारीक सळई हातात घेतली.

"हे लेलँडच्या माणसाचं," असे म्हणत त्यांनी सावकाश, आरपार, एक भोक पाडले. मग सळई बोटभर बाजूला नेली. "आणि हे क्लेटनच्या."