चपलांचा अहवाल

कुमुदिनीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होता आणि त्याचं मोजमाप आता तिच्या सेन्सर बसवलेल्या चपला करत. चाल बिघडल्याचं त्यांनी कळवलं, तरच नवं औषध मिळे. चार महिने अहवाल एकच येई: बदल नाही.

"घरात तर भिंत धरून चालतेस," नवरा यशवंत म्हणाला.

"घरात चपला कोण घालतं? त्या उंबऱ्याबाहेरच असतात. आणि बाहेर आता मी जाते कुठे?"

"मग आज घाल."

"स्वयंपाकघरात? सासूबाई फोटोतून उतरतील हो!"

तरी तिने चपला धुऊन घातल्या आणि भिंतीच्या आधाराने ओटा गाठला. मागे वळून पाहिलं, तर डावी चप्पल दारातच राहिली होती. पायाला ते कळलंच नव्हतं.

यशवंतचा फोन वाजला. चपलांनी कळवलं होतं: डावा पाय उचललाच जात नाही. औषध मंजूर झालं होतं.

"मिळालं एकदाचं," म्हणत तिने चहाचं आधण ठेवलं.