दहा बोटं

चैत्राली कामावरून आली तेव्हा अनू हनुवटीला कुणाला हात लावू देत नव्हती. पोर सात महिन्यांची, पण चाळीस वर्षं बाजारात आवाज चढवून मासळी विकलेली तिची आजी चार पावलं मागे सरून उभी होती.

“दुपारपासून आसंच चाललंय,” राधाबाई सुनेला म्हणाल्या. “बोट लावला का किंचालतंय.”

दात येत होते. आठ दिवस लाळेची धार थांबत नव्हती, आणि हनुवटी, गळ्याच्या दोन्ही वळ्या सोलल्यासारख्या लाल झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लाळ टिपा, घासू नका, कोरडं करा आणि वर थोडं खोबरेल लावा. सोपं होतं. दिवसातून चाळीस वेळा डॉक्टरांना करायचं नव्हतं, म्हणून जास्तच सोपं होतं.

चैत्राली कपडे न बदलताच जमिनीवर बसली. हिंदमाताच्या दुकानात सकाळी दहापासून ती गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या उभ्याउभ्या घालत होती. टाचा ठणकत होत्या. तिने पोरीला मांडीवर घेतलं, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने लाळ टिपली, कोरडं केलं. अनू कुरकुरली, पण सोसलं तिने. मग चैत्रालीने वाटीतल्या खोबरेलात बोट बुडवून हनुवटीला लावलं आणि पोरीने असा टाहो फोडला की वाटी कलंडता कलंडता राहिली.

“माझंच चुकलं, आई. काल दुकानात मिसळ खाल्ली. दुधातून बाधलं असेल.”

“मिसलीनी काय व्हतंय?”

पण चैत्रालीला ते पटणार नव्हतं. आठ दिवस ती स्वतःलाच दोष देत होती. आधी पावडर, मग कपड्यांचा साबण, मग आपला घाम, आणि सगळ्यात जास्त ही नोकरी. आता तिला रडू आलं. तिने त्याच बोटाने डोळा पुसला आणि डोळ्याची आग आग झाली.

डोळा घट्ट मिटून ती क्षणभर बसली. मग बोट जिभेला लावून बघितलं. उघड्या डोळ्याने तिने आधी तेलाच्या वाटीकडे पाहिलं, नंतर फळीकडे. फळीवर चार बरण्या होत्या, तोंडाला फडकं बांधलेल्या. सकाळी त्या रिकाम्या होत्या.

“आज मसाला भरलात?”

वर्षाचा मसाला. राधाबाई तो बरणीत हातानेच दाबून भरत, मुठीने ठासून, वारा राहू नये म्हणून. चमच्याने भरलेला मसाला त्यांच्या लेखी मसालाच नव्हे. दुपारी पोर झोपली तेवढ्यात त्यांनी उरकलं होतं.

“तीन येला साबन लावला गो,” राधाबाई म्हणाल्या. “वास घेऊन बगला. मंगच वाटीत बोट बुडवून पोरीला तेल लावला.”

“पण तुमचे हात भगभगले नाहीत?”

राधाबाईंनी तळवे उलटेपालटे करून पाहिले. “मासलीच्या बर्फात गेले हे हात. ह्यांना कायच कलत नाय आता.” नळाला पाणी नाही म्हणावं, तसं त्या म्हणाल्या.

चैत्रालीला राग आला, चांगलाच आला. पोरीला भाजलंत तुम्ही, हे वाक्य ओठावर आलं होतं. पण रागवायलाही अंगात बळ लागतं, आणि ते दुकानात संपलं होतं. तिने कोरड्या सुती कापडाने तेल टिपून काढलं आणि थंड दुधात भिजवलेली घडी हनुवटीवर धरली. परत भिजवली, परत धरली. बऱ्याच वेळाने रडण्याचे हुंदके झाले आणि अनू आपली मूठ चघळू लागली.

इतका वेळ राधाबाई हात पाठीमागे धरून उभ्या होत्या. “उद्यापासून हिला माज्याकडं नको ठेवू,” त्या म्हणाल्या.

“मग कुणाकडे ठेवू?”

चैत्रालीच्या नवऱ्याची, मितेशची, विमानतळावर बारा तासांची ड्युटी. राधाबाईंनी पोर धरली नाही तर चैत्रालीची नोकरी सुटणार होती. आणि राधाबाईंनी या पोरीपायी बाजारातली बसायची जागा सोडली होती. पोर दुसऱ्या कुणाकडे गेली तर दिवसभर करायचं काय, हे त्यांना कुणी सांगितलं नसतं.

चैत्रालीने अनूला गोधडीवर ठेवलं. सासूला मोरीपाशी नेलं. तळव्यांवर बाटलीतलं कोरं खोबरेल ओतून खसखसून चोळलं, मग साबण, परत तेल, परत साबण. हात पुसले आणि एकेक बोट स्वतःच्या जिभेला लावू लागली.

राधाबाईंनी हात ओढला. “अगो, काय करतंस? मावरा इकनारीचा हात हाय.”

“गप्प उभ्या राहा.”

तिसऱ्या बोटाला जीभ चरचरली. “हे अजून आहे.” परत तेल, परत साबण. दुसऱ्या खेपेला उजवा अंगठा तिखट लागला. तिसऱ्या खेपेला दहाच्या दहा बोटं स्वच्छ निघाली. पण एव्हाना जीभच बधिर झाली असेल, या शंकेने ती तांब्याभर पाणी प्यायली, थोडा वेळ थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी बोटं बघितली.

मग तिने पोर सासूच्या मांडीवर दिली.

अनूने आजीचं बोट धरून ओढलं आणि थेट हिरडीखाली घातलं. राधाबाईंनी सुनेकडे पाहिलं. चैत्राली भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, एक डोळा सुजलेला.

“चावतेय का?” तिने विचारलं.

“चावत आसंल,” राधाबाई म्हणाल्या, आणि बोट जराही हलू दिलं नाही.